चंद्रावर नळ्या आमच्या, अन् भांडण ताटलीवरून!

ताटली गोल असावी की चौकोनी, यावरून दोन कमावती माणसं एकमेकांशी अबोला धरतात, हे कधी ऐकलंय तुम्ही? जेवायची ताटली नव्हे हो. खेळण्यातल्या विमानाच्या डोक्यावरची! आणि हे मुंबई-पुण्यात नाही, आमच्या खामगावात, आमच्या ओसरीवर, भर दिवाळीत घडलं. एक जण आमच्या नणंदबाईंचा मुलगा. पुण्यात संगणकाच्या नोकरीला, पगार किती ते आईलासुद्धा धड सांगत नाही. दुसरा त्याचा कॉलेजातला मित्र. मलकापूरला वडिलांचं हार्डवेअरचं दुकान बघतो. दोघंही तिशीला टेकलेले, दोघांचीही लग्नं व्हायचीत, आणि हा रंग पाहता कधी होतील ते गजानन महाराजांनाच ठाऊक.

विमानाचं नाव मिलेनियम फाल्कन. १९७७च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ नावाचा सिनेमा आला, त्यातल्या हान सोलो नावाच्या तस्कराचं हे यान. हो, तस्कराचं! देव्हाऱ्याच्या शेजारच्या टीपॉयवर तस्कराचं विमान ठेवलंय, हे नणंदबाईंना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका. दिसायला म्हणाल तर शेगावची कचोरी पुढून चावून तशीच बशीत ठेवून द्यावी, तसं. त्यातही गंमत ऐका. सिनेमावाल्यांनी आधी निराळंच यान आखलं होतं. ऐन वेळी कोणाच्या तरी लक्षात आलं की ते ‘स्पेस १९९९’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या ईगल यानासारखं दिसतंय. मग घाईघाईने ही चावलेली कचोरी काढली आणि आधीचं यान सिनेमातल्याच दुसऱ्या पक्षाला देऊन टाकलं. म्हणजे ज्याच्या अस्सलपणावरून आज डोकी फुटायची वेळ आलीय, ते मुळात बदलीवर आलेलं!

तर ताटली. यानाच्या डोक्यावर एक गोल ताटली असते, आपल्या गच्चीवर असते तशी. १९८३च्या तिसऱ्या सिनेमात लढाईच्या धामधुमीत ती आपटून तुटते आणि उडून जाते. पुढे २०१५ साली नव्याने सिनेमे सुरू झाले, तेव्हा तिथे लांबट चौकोनी ताटली बसलेली. झालं. तेव्हापासून जगात दोन पंथ. गोलवाले म्हणजे जुने, सोवळ्यातले. चौकोनीवाले म्हणजे नवे. लेगो कंपनी तर इतकी पोचलेली, की २०१७ साली तिने काढलेल्या थोरल्या फाल्कनच्या खोक्यात दोन्ही ताटल्या घातल्या. तुम्हाला हवी ती लावा म्हणे. आमच्या भाच्याने चौकोनी लावली. मलकापूरकर आला, त्याने चहाचा कप तोंडाला लावता लावता ते पाहिलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, “अबे, हे काय करून ठेवलं?” पुढचं संभाषण मी लिहू शकत नाही, घरात लहान मुलं होती.

आता या लेगोच्या फाल्कनची कुंडली सांगते, म्हणजे तुमचेही डोळे पांढरे होतील. तुकडे ७५४१. जोडून झालं की लांबी ८४ सेंटिमीटर, रुंदी ५६; म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांसाठी जे टीपॉय आहे, ते आता पाहुण्यांसाठी राहिलेलं नाही. खोक्याचंच वजन दहा किलोंच्या वर. बाजारात आलं तेव्हा किंमत ७९९ डॉलर ९९ सेंट. तो शेवटचा एक सेंट कशासाठी वाचवतात, देव जाणे. डॉलर पंच्याऐंशीचा धरला तरी अडुसष्ट हजार झाले. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल. म्हणजे पावणेतेरा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव खरोखर हातात पडला तर. वर सरकारचा हात वेगळा. परदेशी खेळण्यांवरची जकात २०२० साली २० टक्क्यांवरून एकदम ६० केली आणि २०२३ साली ७०. चिनी खेळण्यांचा पूर थांबावा म्हणून केलं, ठीकच आहे. पण त्या धरणात आमचा भाचाही अडकला. त्याने खोकं कुठून, कसं, कितीला आणलं, हे त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही. विचारलं की “मामी, सेल होता” म्हणतो. सेल! पावणेतेरा क्विंटलचा सेल!

बरं, हे पहिलंच असतं तरी एक वेळ समजू शकलो असतो. पण याच्या आधी २००७ साली याच कंपनीने असाच थोरला फाल्कन काढला होता, ५१९७ तुकड्यांचा, पाचशे डॉलरचा. दोन-तीन वर्षांनी तो बंद केला. बंद केला म्हटल्यावर काय झालं? ज्यांनी खोकं न उघडता माळ्यावर टाकलं होतं, ते शहाणे ठरले. न उघडलेल्या खोक्याला हजारो डॉलर मिळायला लागले. लोक म्हणे सोन्याऐवजी ते घेऊन ठेवू लागले. आणि मग २०१७ साली कंपनीने दाणकन नवा, मोठा, जास्त तुकड्यांचा काढला, आणि जुन्याचे भाव घसरले. त्या वेळी जगात किती पुरुष आपल्या बायकांसमोर काय तोंडाने उभे राहिले असतील, याचा विचार करून मला दोन मिनिटं बरं वाटलं.

भाच्याचं म्हणणं, तुलना करायचीच तर नवा केव्हाही सरस. जुन्या संचात पिशव्यांवर आकडे नव्हते. पाच हजार राखाडी तुकडे जमिनीवर ओतायचे आणि तांदूळ निवडत बसल्यासारखं निवडायचे. नव्यात आकडे घातलेल्या पिशव्या, एक संपली की दुसरी. जुना आतून पोकळ, वैमानिकाची खोली सोडली तर आत काही नाही. नव्याचं छप्पर उचललं की आत बसायची जागा, खेळायचा गोल पट, सगळं आहे. शिवाय माणसं दोन पिढ्यांची: तरुण हान सोलो आणि म्हातारा हान सोलो, दोन्ही एकाच खोक्यात. तरुण पाहिजे तर गोल ताटली, म्हातारा पाहिजे तर चौकोनी. (मी विचारलं, “आणि दोघं एकदम बसवले तर?” त्यावर भाचा आणि मित्र, अबोला विसरून, एकाच वेळी माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी एकादशीला कांदा चिरलाय.)

मलकापूरकराचा पंथ याहून कर्मठ. त्याच्या मते लेगो हे खेळणंच नव्हे, ती बांधकामाची लाइन. खरा फाल्कन एकच, केनर कंपनीचा, १९७९ सालचा. आता या केनरची सुरुवात ऐका, मग ठरवा या लोकांना घरात घ्यायचं की नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटीची ही कंपनी. १९७७ साली सिनेमा एवढा चालेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, त्यामुळे नाताळ तोंडावर आला तरी बाहुल्या तयार नव्हत्या. मग केनरने काय विकलं? रिकामं पाकीट! खरंच सांगते. सणाला मुलाच्या हातात पुठ्ठ्याचं पाकीट द्यायचं, आत एक प्रमाणपत्र. ते टपालाने धाडलं की काही महिन्यांनी चार बाहुल्या घरी येणार. आणि लोकांनी ते घेतलं. आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर भर गावातून स्टेशनपर्यंत वरात निघाली असती. आज ते पाकीटसुद्धा जपून ठेवणारे आहेत.

मलकापूरकराकडे तो १९७९चा फाल्कन आहे. अमेरिकेतून परत आलेल्या कोणा कुटुंबाच्या माळ्यावरून मिळाला. मी हातात घेऊन पाहिला, तेव्हा मला या सगळ्या वेडाचं थोडं कळलं, हे कबूल केलं पाहिजे. ओबडधोबड आहे. वरचं प्लास्टिक पिवळं पडलंय. पण मागचं झाकण उचललं की आत खोली. भिंतीला एक पट. वर तोफ, तिची खुर्ची फिरवली की कटकट वाजते. खाली तीन पाय, दुमडणारे. आणि जमिनीत एक चोरकप्पा, झाकण असं बेमालूम, की सांगितल्याशिवाय दिसत नाही. तस्कराचं यान ना, माल लपवायला!

आणि पायांवरूनही वाद आहे बरं. १९७७च्या सिनेमात यानाला तीन पाय, १९८०च्या दुसऱ्या सिनेमात पाच. तीन वर्षांत दोन पाय फुटले! केनरचं तीनवरच उभं आहे. लेगोच्या नव्याला वजन पेलायला पाचांहून जास्त लागले. मी पाय मोजायला वाकले तेवढ्यात दोघांनीही “मामी, उचलू नका” म्हणून आकांत केला.

तर हे जुनं खेळणं ओसरीवर ठेवलेलं, मोठे लोक ताटलीवरून भांडण्यात गुंतलेले, आणि जाऊबाईंचा पाच वर्षांचा नातू तिथे पोचला. त्याने सिनेमा पाहिलेला नाही. त्याला केनर माहीत नाही, ७५४१ माहीत नाही. त्याने झाकण उचललं, दोन मिनिटांत चोरकप्पा शोधला, आणि त्यात अर्धी चकली लपवली. मग झाकण लावलं आणि कोणी बघितलं नाही ना, याची खात्री करून घेतली. मलकापूरकराच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कापसाच्या काडीने तो तेल टिपत बसला, आणि पोरगं त्याला विचारतंय, “काका, माह्यी चकली कुठी गेली?” लेगोच्या फाल्कनजवळ या पोराला कोणी फिरकूही दिलं नव्हतं. त्याला हात लावला तर सुटतं. ते बघायचं असतं, खेळायचं नसतं.

माझं मत त्या क्षणी ठरलं. दिसायला नवा सरस, यात वाद नाही. रेषा न् रेष सिनेमातली. पण जुना बनवला त्या माणसाच्या डोळ्यासमोर कोणी तरी पोरगं होतं. नवा बनवला तेव्हा डोळ्यासमोर कपाट होतं आणि कपाटवाल्याचा पगार. कंपन्यांचं काय, त्यांनी केनरचा तोच साचा नव्वदच्या दशकातही नव्या खोक्यात घालून विकला. २००८ साली हॅस्ब्रोने चांगला अडीच फुटी, दिवे-आवाजवाला काढला, त्याची जुने लोकसुद्धा दबक्या आवाजात तारीफ करतात. आणि २०१५ साली नवा सिनेमा आला तेव्हा परत आखूड, सपाट, आतून अर्धा, स्पंजची गोळी उडवणारा. किंमत १२० डॉलर. त्याचं नाव काढलं की दोन्ही पंथ एक होतात आणि एकत्र शिव्या देतात. अबोला तिथेच सुटला खरं तर.

आता खरी भानगड. या जुन्या खेळण्यांची किंमत कशावर ठरते? ज्याच्याशी कोणी खेळलं नाही, त्याला जास्त. खोकं उघडलेलं नसेल तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेत यासाठी चक्क परीक्षक संस्था आहेत. खेळणं त्यांच्याकडे पाठवायचं, ते तपासून शंभरापैकी मार्क देतात आणि पारदर्शक पेटीत बंद करून परत पाठवतात. पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून! आणि खेळून खेळून पिवळं पडलेलं असेल तर त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवतात, की परत गोरं होतं. म्हणजे आपल्या पार्लरमध्ये लग्नाआधी चेहऱ्याला जे लावतात, तेच. मलकापूरकर म्हणाला, पेरॉक्साइड लावणं म्हणजे पाप, प्लास्टिक ठिसूळ होतं. भाचा म्हणाला, तुझं विमान काविळीने मेलंय. परत अबोला.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि खामगावच्या आहेत; त्यांच्यापुढे भावाची भाषा जपून बोलावी. देशभरातून लोक ज्या गावात चांदी घ्यायला येतात, तिथे त्यांचा जन्म गेला. त्यांनी भाच्याला एकच विचारलं, “याची मोड किती येईन रे?”

“आजी, याला मोड नसते.”

“मंग घेतलं कायले?”

मलकापूरकराला चेव आला. “आजी, माझ्या विमानाची किंमत दरवर्षी वाढते.”

“जुन्या चांदीच्या ताटाले बी घट धरतात सराफ. अन् तुया पिवळ्या पलाष्टिकले वाढ? कोन देते?”

तो गप्प. कारण देणारा अजून भेटलेला नाही, ही आतली गोष्ट.

पण हे काहीच नाही. या वेडाचा एक काळा कोपराही आहे, तोही सांगायला हवा. १९७८ साली मॅटेल कंपनीने ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेची याने काढली, त्यांतून छोटी लाल क्षेपणास्त्रं खरोखर उडायची. त्यातलं एक तोंडात जाऊन एक लहान मुलगा दगावला. कंपनीने याने परत बोलावली आणि नंतरच्या आवृत्तीत क्षेपणास्त्रं पक्की चिकटवून टाकली. त्याच धास्तीने केनरनेही पाठीवरून रॉकेट उडवणारा आपला बोबा फेट नावाचा बाहुला बाजारात आणलाच नाही. फक्त काही नमुने राहिले. त्यांपैकी एक २०२४ साली अमेरिकेतल्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. साडेचार कोटींच्या आसपास! मुलांच्या हातात द्यायला धोक्याचं ठरलं, म्हणूनच ते सगळ्यात महाग. यावर मी काही बोलत नाही. थट्टा तरी कशाची करायची.

आणि हे कुठे चाललंय, तर बुलढाणा जिल्ह्यात! ज्या जिल्ह्यात आकाशातून खरोखर दगड येऊन पडला आणि लोणारला पावणेदोन किलोमीटरचा खड्डा करून गेला. जिथल्या खडकावर शास्त्रज्ञ चंद्राचा नि मंगळाचा अभ्यास करतात. आणि खामगावचं तर विचारूच नका. १४ जुलै २०२३ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालं, तेव्हा पेपरांत छापून आलं होतं की त्यासाठीच्या चांदीच्या नळ्या आमच्या श्रद्धा रिफायनरीच्या आणि उष्णतेपासून बचाव करणारं थर्मल शील्डचं कापड आमच्या विकमशी फॅब्रिक्सचं. २३ ऑगस्टला ते उतरलं, फटाके वाजले, पेढे वाटले, गणपतीत निम्म्या मंडळांनी थर्माकोलचं चांद्रयान केलं. आणि अनंत चतुर्दशीनंतर? एकानेही ते जपून ठेवलं नाही. कोणत्या मंडळाच्या विक्रम लँडरला किती पाय होते, यावर कोणी अबोला धरला नाही.

मी दोघांना म्हटलं, तुम्हाला जुन्या-नव्याची तुलनाच करायचीय ना? ही घ्या. चांद्रयान-२चा विक्रम २०१९च्या सप्टेंबरात आपटला. मग तिसऱ्यात पाय मजबूत केले, मधलं पाचवं इंजिन काढून चारच ठेवली, इंधन जास्त भरलं, आणि उतरायची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास वाढवली. इथे नवं जुन्याहून चांगलं का, ते एका वाक्यात सांगता येतं: ते उभं राहिलं. दोघांनी मान डोलावली. भाचा विचारात पडला आणि म्हणाला, “मामी, पण याचा लेगो आहे का?”

काय बोलणार! ज्याच्या नळ्या दोन गल्ल्या सोडून बनल्या, ते यान या पोरांना तुकड्यांत, आकडे घातलेल्या पिशव्यांत पाहिजे. आणि जे कधी कुठे गेलंच नाही, स्टुडिओत लाकूड-प्लास्टिकचं उभं होतं, त्याचे तीन पाय की पाच, हे तोंडपाठ.

भाऊबीज झाली तसा भाचा पुण्याला गेला. फाल्कन इथेच टीपॉयवर, वर सासूबाईंची जुनी मलमलची ओढणी, धूळ बसू नये म्हणून. जाताना नणंदबाईंना बजावून गेला की कामवालीला फडका मारू देऊ नका. ती बिचारी त्या खोलीत आता जातच नाही, म्हणते, “त्याचा एक तुकडा माझ्या झाडूत गेला तर तुम्ही माझा पगार कापसान.” खरं आहे तिचं. एक राखाडी तुकडा परवा मला पलंगाखाली सापडला. मी तो कोणाला न सांगता हळदीच्या डबीशेजारी ठेवलाय. सात हजार पाचशे चाळीसवर यान उभं आहे, काही अडलेलं दिसत नाही.

मलकापूरकर मात्र अजून येतो. त्याच्या १९७९च्या फाल्कनमध्ये एक पांढरा चेंडू असायचा, छताच्या आतून दोऱ्याला लोंबकळणारा. सिनेमातला पोरगा त्यावर तलवारीचा सराव करतो. जुन्या फाल्कनमध्ये हाच चेंडू हमखास हरवलेला असतो, म्हणून तो सुटा विकला जातो, आणि त्याच्या नकलाही निघाल्यात. नकली चेंडू! याने बाहेरून एक मागवला, तो अस्सल निघाला म्हणे, पण त्याचा दोरा तुटलेला. सासूबाई म्हणाल्या, “आन इकडं, मी बांधून देतो पक्का.” तर हा दोन पावलं मागे सरकून म्हणतो, “नको आजी, नवा दोरा चालत नाही. त्या काळचाच पाहिजे.”

तर सांगायचं ते हे, की सासूबाईंच्या शिवणयंत्राच्या खणात दोऱ्याची पांढरी रिळं आहेत. माझ्या मोठ्या नणंदेच्या लग्नाच्या वेळची, लग्न झालं १९७९च्या वैशाखात. दोन रिळं तर सोडलेलीसुद्धा नाहीत, वरचा कागद जसाच्या तसा. सासूबाई विचारताहेत, बंद रिळाला वेगळा भाव असतो का.